चांदीची मोटार, कचऱ्याची गोष्ट आणि क्रँकशाफ्ट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत राजेमहाराजांच्या जुन्या मोटारींवर पानभर मजकूर आला होता. फोटो छान होते, नातवाने कापून वहीत चिकटवले. मजकूर वाचून मात्र मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय. कात्री लावलीत तरी चालेल, फक्त यंत्राबद्दलचा भाग कापू नका, कारण तुमच्या पानभर मजकुरात नेमका तोच नव्हता. सोन्याचा मुलामा होता, हस्तिदंत होतं, मखमल होती. मोटार चालते कशाने आणि ती 'राजेशाही' झाली कशाने, याबद्दल एक ओळ नव्हती.

आधी दोन दुरुस्त्या. रोल्स-रॉईसची 'सिल्व्हर घोस्ट' चांदीच्या पत्र्याची होती, असं तुम्ही छापलंय. नव्हती. 1907 साली कंपनीने प्रदर्शनासाठी एक गाडी अॅल्युमिनियमच्या रंगात रंगवून घेतली आणि दिव्यांना, कड्या-मुठींना चांदीचा मुलामा दिला. तिचं हे पाळण्यातलं नाव. 'चांदीचं' रंगामुळे आणि 'भूत' आवाज न करता येते म्हणून. पुढे त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना लोक त्या नावाने ओळखू लागले.

दुसरी ती कचऱ्याची गोष्ट. महाराजाचा लंडनच्या दुकानात अपमान झाला, मग त्याने रोल्स-रॉईस विकत घेऊन शहराचा कचरा उचलायला लावल्या. ही गोष्ट मी पन्नास वर्षं ऐकतोय. कधी महाराज अलवरचा असतो, कधी भरतपूरचा, कधी पतियाळाचा, आणि आमच्याकडे सांगतात तेव्हा हमखास निजाम असतो. एकच लग्न चार गावांत लागतं, तेव्हा नवरदेव कुणी पाहिलेला नसतो. वर्तमानपत्राने निदान 'असं सांगतात' एवढं तरी लिहावं.

आता मी कोण ते सांगतो. जन्म अंबड तालुक्यातला. आयटीआय करून तेव्हाच्या औरंगाबादेत चिकलठाणा एमआयडीसीत लागलो. आधी लेथवर, मग गियर कापण्याच्या मशीनवर आणि शेवटची बारा वर्षं टूलरूममध्ये. चारचाकी स्वतःची कधीच घेतली नाही. पण मोटारीच्या पोटात काय असतं ते हाताला माहीत आहे.

आमच्या शेतात विहिरीवर एका सिलिंडरचं ऑइल इंजिन होतं. ते सुरू झालं की धाब्यावर वाळत घातलेल्या मिरच्यासुद्धा थरथरायच्या. वडील दर दोन वर्षांनी त्याचं फाउंडेशन नव्याने भरत, आणि दर दोन वर्षांनी ते तडकत असे. सुरुवातीच्या मोटारी म्हणजे हेच इंजिन टांग्याखाली बांधलेलं. टांगा म्हणतो ते उगीच नाही. डॅशबोर्ड हा शब्दच घोडागाडीचा आहे, घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून लावलेली फळी. श्रीमंत माणसाला बग्गीत जो आराम होता तो या धडधडणाऱ्या डब्यात नव्हता. तेव्हा आरामदायी मोटार बनवणं म्हणजे आधी हे हादरे मारणं. गादी नंतर.

सोपा उपाय वाटतो तो सिलिंडर वाढवण्याचा. सहा केले की एक थांबतो तोवर दुसरा जोर लावतो. पण सिलिंडरांच्या दट्ट्यांची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा जो दांडा, तो क्रँकशाफ्ट, सहा सिलिंडरला लांब होतो, आणि तिथे वेगळंच दुखणं निघतं. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावं तसा तो शाफ्ट प्रत्येक स्फोटाला किंचित पिळला जातो आणि उलटा सुटतो. एका ठरावीक वेगाला हे पिळणं-सुटणं शाफ्टच्या स्वतःच्या लयीशी जुळतं, झोक्याला नेमक्या वेळी धक्का बसावा तसं. मग जाडजूड पोलादही मोडतं. हेन्री रॉईसने 1905 मध्ये सहा सिलिंडरची 30 अश्वशक्तीची गाडी काढली, तिला हाच रोग लागला. त्याने दोन-दोन सिलिंडरचे तीन ठोकळे ओळीने मांडले होते, शाफ्ट लांब आणि त्या मानाने बारीक.

इथे मला तो माणूस आवडतो. मुळात तो मोटारीचा नव्हेच. लहानपणी वर्तमानपत्रं विकली (तुमच्या धंद्यातला होता म्हणा), रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केली, ती पैशांअभावी अर्धी राहिली, मग मँचेस्टरात विजेचे डायनॅमो आणि क्रेन बनवू लागला. स्वतःसाठी जुनी फ्रेंच मोटार घेतली. ती चालत नव्हती असं नाही, पण त्याला तिचं बांधकाम पटेना. म्हणून स्वतःची बनवली, ती 1 एप्रिल 1904 ला रस्त्यावर आली. महिनाभरात रोल्स भेटला, तो विकणारा. पुढच्या 40/50 अश्वशक्तीच्या गाडीत, म्हणजे याच सिल्व्हर घोस्टच्या जातीत, रॉईसने तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे केले, क्रँकशाफ्ट आखूड आणि जाड केला, त्याला सात बेअरिंगांवर टेकवला आणि तेल दाबाने आत पोचवलं. इंजिन 7,036 सीसीचं. आजची लहान मोटार हजार-बाराशे सीसीवर पळते हे लक्षात घ्या. एवढं मोठं इंजिन घेऊन त्याने त्याला पळवलं नाही, सावकाश चालवलं. आवाज न करण्याची निम्मी युक्ती तीच.

त्याच चांदीरंगी गाडीची 1907 मध्ये पंचांसमोर चाचणी झाली, स्कॉटलंड आणि लंडनच्या दरम्यान येरझाऱ्या घालत. 629 मैलांवर ती एकदा थांबली. काय बिघडलं? काहीच नाही. रस्त्याच्या हादऱ्यांनी पेट्रोलचा नळ आपोआप बंद झाला होता. तो उघडला आणि तिथून पुढे 14,371 मैल ती बिघाडाने एकदाही थांबली नाही. म्हणजे 23,000 किलोमीटरच्या वर. पुढच्याच वर्षी त्या जातीची एक गाडी आपल्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत सह्याद्रीचे घाट चढली, आणि ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी विकत घेतली. महाराजांनी गाडी घेतली म्हणून ती थोर झाली नाही. घाट चढली म्हणून त्यांनी घेतली. तुमच्या लेखात नेमकं उलटं होतं.

आणि तरी, मला मत विचाराल तर रॉईसला नाही, मी लेलँडला देईन. हेन्री लेलँड, अमेरिकेतल्या कॅडिलॅकचा. हा बंदुकांच्या कारखान्यांतून घडलेला माणूस. 1908 मध्ये त्याच्या तीन मोटारी इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नेल्या, थोड्या चालवल्या आणि पुरत्या उसवल्या. तिन्हींचे सुटे भाग एका ढिगात मिसळले. त्यातले नव्वदच्या आसपास भाग पंचांनी बाजूला काढून त्यांच्या जागी दुकानातल्या फळीवरचे नवे दिले. मग पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी एवढ्यावर त्या पुन्हा जोडायच्या. कानस लावायची नाही. तिन्ही गाड्या जोडल्या गेल्या, एकीचं बॉनेट दुसरीच्या अंगावर, रंगांची गोधडी, आणि तिन्ही 500 मैल पळाल्या. इंग्लंडच्या मोटार क्लबने ड्यूअर ट्रॉफी दिली. तेव्हाची ती कॅडिलॅक एका सिलिंडरची, आमच्या विहिरीवरच्या इंजिनाची चुलत बहीण. श्रीमंती थाट तिला पुढे आला. पण पाया तिथे पडला.

कानस लावायची नाही, याचा अर्थ आजच्या वाचकाला कळणार नाही. त्या काळी भाग बनवायचा म्हणजे अंदाजे बनवायचा आणि त्याच्या जोडीदाराला घासून घासून बसवायचा. बसला की तो त्याच गाडीचा झाला. सूनबाई जशी एकाच घरची. गाडी मोडली तर नवा भाग आणून पुन्हा घासा. लेलँड म्हणाला, घासणं बंद, मापात बनवा. त्यासाठी माप मोजणारं हत्यार हवं. स्वीडनचा योहान्सन रायफलीच्या कारखान्यात होता, त्याने पोलादाच्या घासलेल्या वड्या बनवल्या होत्या, ठरावीक जाडीच्या. आपण त्यांना स्लिप गेज म्हणतो. लेलँडने त्या अमेरिकेत अगदी सुरुवातीला आणून वापरल्या.

टूलरूममध्ये माझ्या ताब्यात अशी एक पेटी होती. हात धुऊन, कोरडे करून, वडी कडांनी धरायची. दोन वड्या एकमेकींवर ठेवून किंचित फिरवत सरकवल्या की चिकटतात. ना तेल, ना चुंबक, ना गोंद. उलट्या धरल्या तरी पडत नाहीत. नवा पोरगा आला की मी त्याला हे पहिल्या दिवशी दाखवायचो. त्याचं तोंड बघण्यासारखं असायचं. मग सांगायचो, आता बोटाची ऊब लागून ती वाढली, दहा मिनिटं थांब, मग माप घे.

माप बरोबर असूनही आवाज येतो, हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. एका रात्रपाळीला माझ्याकडून सत्तर गियरचा लॉट निघाला. प्रत्येक गेजला पास. गिअरबॉक्समध्ये बसवल्यावर ते कण्हायला लागले, बाळंतिणीसारखे. फोरमन काही बोलला नाही. त्याने दोन दातांना निळा रंग लावला, हाताने फिरवले आणि डाग दाखवला. डाग दाताच्या मधोमध पडायला हवा, माझा एका टोकाला पडला होता. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरखाली कापताना उडालेल्या धातूचा एक कण अडकला होता, ज्वारीच्या कण्याहून बारीक. जॉब तेवढाच वाकडा धरला गेला. सत्तरच्या सत्तर भंगारात, आणि माझी वेतनवाढ चार महिने पुढे. रॉईसने आपल्या गाडीचे गियर आवाज करू नयेत म्हणून किती जीव काढला असेल, हे मला त्या रात्री कळलं.

मागच्या दिवाळीत लेकीकडे हैदराबादला गेलो तेव्हा चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉईस पाहिली. सहाव्या निजामाने मागवली होती, ती येण्याआधी तो वारला, वापरली सातव्याने. मागे सिंहासनासारखं उंच आसन, वर घुमट. वापरली तरी किती, मिरवण्यापुरती, फार थोडे मैल. आमचा मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत त्याच राज्यात होता, म्हणजे आमच्या आज्याने भरलेल्या शेतसाऱ्यातला एखादा खिळा त्या गाडीत असणार. तिथला रखवालदार सगळ्यांना सिंहासन दाखवत होता. मी खाली वाकून बघायला लागलो तर म्हणाला, "चाचा, कुछ गिर गया क्या?"

वाकलो म्हणून रेडिएटरची जाळी नीट दिसली नाही, मग उभा राहून पाहिली. रोल्स-रॉईसचं ते देवळाच्या दर्शनी भागासारखं तोंड सरळ, सपाट दिसतं. सपाट नाही. ग्रीक देवळांच्या खांबांसारखा त्या पत्र्याला किंचित फुगवटा देतात, कारण अगदी सपाट पत्रा डोळ्याला आत दबल्यासारखा दिसतो. कारागीर तो हाताने, नजरेने करत. जी गोष्ट दिसू नये म्हणून केली, तीच लोकांना दिसते आणि का छान दिसतं ते कळत नाही.

तेव्हा कंपनी फक्त सांगाडा विकत असे, म्हणजे चासी, इंजिन, चाकं. वरचं घर बार्कर किंवा हूपरसारख्या बग्गीवाल्यांकडून बांधून घ्यायचं. अॅश लाकडाचा साचा, त्यावर हाताने ठोकलेला पत्रा. म्हणून सुरुवातीच्या गाड्या दोन तुकड्यांच्या दिसतात, पुढे पेटी आणि मागे पालखी. 1908-10 च्या सुमाराला बॉनेटची रेघ चढत चढत मागे नेऊन दारांशी मिळवली, तेव्हा मोटार एकजीव दिसू लागली. रंगाचं तर विचारू नका. वॉर्निशचा हात द्यायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा, असे आठवडेच्या आठवडे. 1924 च्या मॉडेलसाठी अमेरिकेत ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्या गल्लीतल्या गॅरेजच्या पाटीवर 'ड्युको पेंट' लिहिलेलं असतं ते त्याचंच नाव. पेंटरला विचारा, त्याला माहीत नसतं.

एका गोष्टीवर मला जरा जास्त लिहायचंय, कारण ती माझ्या धंद्यातली. मोटार सुंदर दिसायची तर ती जमिनीलगत हवी. पण मागच्या चाकांमधल्या हाउसिंगमध्ये क्राउन-पिनियन असतं, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा लहान गियर (पिनियन) आणि चाकं फिरवणारा मोठा गियर (क्राउन). साध्या रचनेत पिनियनचा दांडा क्राउनच्या बरोबर मध्यावर रोखलेला असतो, त्यामुळे इंजिनाकडून येणारा शाफ्ट तेवढ्याच उंचीवर येतो. शाफ्ट उंच म्हणून तळ उंच, तळ उंच म्हणून छप्पर उंच. नाहीतर साहेबांची टोपी छताला लागायची. 1926 च्या सुमाराला पॅकार्डने हायपॉइड गियर घातले. पिनियन मध्यावरून खाली सरकवला, शाफ्ट खाली गेला, त्याच्यामागे अख्खी गाडी खाली बसली. शिवाय दात एकमेकांवर सरकत लागतात, त्यामुळे आवाजही कमी. मात्र त्या सरकण्यामुळे साधं तेल तिथे टिकत नाही, दाब सोसणारं वेगळं लागतं. आजही एखादा गॅरेजवाला हाउसिंगमध्ये भलतंच तेल ओततो आणि सहा महिन्यांनी क्राउन-पिनियन हातात देतो. गाडीचा डौल गियर कापणाऱ्याने ठरवला, हे कुठल्या पुरवणीत वाचलंय तुम्ही?

चित्रकाराचंही श्रेय आहे, नाकारत नाही. हार्ली अर्ल हा बग्ग्या बांधणाऱ्याचा मुलगा. त्याने जनरल मोटर्ससाठी 1927 ची ला साल रेखली. हिस्पानो-सुइझा या दुसऱ्या कंपनीच्या गाडीवरून बरंच उचललं होतं, ते सोडा. तो मोटारीचा आकार आधी मातीत घडवायचा. आमच्या गल्लीतला मूर्तिकार शाडूचा गणपती करताना सोंडेचं वळण अंगठ्याने पुढे-मागे करतो ना, तसंच. पत्रा ठोकणाऱ्याला ती मोकळीक नसते.

राहता राहिला सेल्फ स्टार्टर. आमचे एक काका गावातल्या एका बागायतदाराची जुनी जीप चालवत. पहाटे थंडीत हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं, हँडलने झटका दिला आणि मनगट मोडलं. सुरुवातीच्या सगळ्या मोटारींचं हेच होतं, गाडी कितीही शाही असो, समोर एक माणूस वाकून हँडल मारायला हवाच. चार्ल्स केटरिंगने 1912 च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर दिला. लोक म्हणायचे, इंजिन फिरवायला इंजिनाएवढी मोटर लागेल. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर लावली होती, त्याला ठाऊक होतं की क्षणभरच जोर लावायचा तर लहान मोटरीवर दुप्पट-तिप्पट भार टाकला तरी ती जळत नाही. तेवढ्यावर काम झालं आणि कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी पुन्हा मिळाली. काका हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचे, मुठीत वळवायचे नाहीत, म्हणजे झटका आला तर अंगठा तरी वाचेल. त्या दिवशी विसरले. नंतर ट्रॅक्टरला सेल्फ आला, जीप भंगारात गेली, तरी ते चहाचा पेलासुद्धा तसाच धरत राहिले.

2010 च्या ऑक्टोबरात आमच्या शहरात दीडशे मर्सिडीज एकदम आल्या, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी किंमत छापली, कर्ज छापलं, व्याजाचा दर छापला. मर्सिडीज हे नाव घेतलेली पहिली गाडी 1901 ची. ती घडवणाऱ्या विल्हेल्म मायबाखने रेडिएटरमध्ये 8,070 चौकोनी नळ्या बसवल्या, एकेक 6 मिलिमीटरची, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. त्यामुळे इंजिन थंड ठेवायला पाणी निम्मं पुरू लागलं आणि मोटारीला पहिल्यांदा चेहरा आला. दीडशे गाड्या दारात उभ्या असताना हे छापायला किती जागा लागली असती? शेंद्र्याला आमच्याच पोरांनी ऑडी जोडल्या, त्यांना तरी वाचायला बरं वाटलं असतं.

तेव्हा विनंती एवढीच, चांदीच्या पत्र्याची आणि कचऱ्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत छापावी, आतल्या पानात कोपऱ्यात नको. सोबत सहा सिलिंडरच्या क्रँकशाफ्टचं मी हाताने काढलेलं चित्र जोडलं आहे, सातही बेअरिंगांच्या जागा दाखवल्या आहेत. छापायचं नसेल तर पाकिटात माझा पत्ता लिहून तिकीट लावलेलं आहे, परत पाठवावं. ती एकच प्रत आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त टूलरूम कारागीर
चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर